बोलण्याची शेपटी

४ फेब्रुवारी

आज पुन्हा वाजली. टूं-टी. आवाज नाही, शब्द नाही – नुसती शेपटी!

दुपारची वेळ. मी भांडी घासत होते, सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. वॉकी-टॉकी नेहमीच्या जागी, बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर, चार्जरमध्ये उभी. फेसाळलेल्या हातांनी तशीच धावले. बटण दाबून म्हटलं, "बोला." काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

"कोण आलंय?" सासूबाई जाग्या झाल्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण मी धावले की बरोबर दिसतं.

"कुणी नाही," म्हटलं. वॉकीला साबण लागला होता, तो पुसत बसले.

घरातल्या तिन्ही वॉक्यांच्या शेपट्या बंद आहेत. भावोजींनी माझ्यासमोर बसून एकेक करून बंद केल्या होत्या, हे होते तेव्हाच. मग वाजते कशी?

५ फेब्रुवारी

वाजली नाही. दिवसभर वाट पाहिली, हे कबूल करायला लाज वाटते.

६ फेब्रुवारी

लेक वसतिगृहातून फोनवर म्हणाली, आई, नुसत्या तारखा आणि चार ओळी काय लिहितेस, नीट सगळं लिही, डोकं हलकं होईल. बरं. लिहिते.

आमचं काम झाडांचं. वाळलेली, कललेली, कुणाच्या छपरावर टेकलेली झाडं वरून कापत कापत खाली उतरवायची. हे वर, पट्ट्याने बुंध्याला बांधलेले, हातात करवत. भावोजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, खाली दोर धरून. ह्यांनी फांदी दोराला बांधायची, कापायची, मग भावोजींनी ओढून मोकळ्या जागेत आणायची. मी घरी फोन आणि वॉकी सांभाळून. कुठे जायचं, कधी जायचं, कोण वाट बघून फणफणलंय, हे सगळं माझ्याकडे. करवत आणि फांद्यांचा भुगा करायचं मशीन चालू असलं की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो ते कळत नाही, तर शेंड्यावरचा काय कळणार! म्हणून वॉक्या आणल्या. कानात बोंडं घालून दोघे भाऊ दिवसभर वर-खाली गप्पा मारायचे. अर्ध्या गप्पा कामाच्या, अर्ध्या माझ्याबद्दलच्या. काम जवळपास असलं की मी घरून ऐकते, हे दोघं दर वेळी विसरायचे.

बोलून झालं आणि बटण सोडलं की वॉकी आपणहून दोन सूर काढायची. टूं-टी. म्हणजे ह्याचं संपलं, आता तू बोल. हे म्हणायचे, "देवाने काढून घेतलेली शेपटी कंपनीने परत दिली." तेव्हापासून आमच्या घरात ती शेपटीच. लेक लहान असताना रागावून बोलली की शेवटी स्वतःच टूं-टी म्हणायची. म्हणजे आता उत्तर दे.

आणि कामावर ह्यांनी घालून दिलेला नियम होता. शेपटी ऐकल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. कारण आवाज कधीकधी मध्येच तुटायचा. मोठी गाडी आडवी गेली, पत्र्याचं काही आड आलं की वाक्य अर्धंच पोचायचं, आणि मग शेपटीही यायची नाही. शेपटी नाही म्हणजे बोलणं अर्धं राहिलंय. थांबायचं, परत विचारायचं. इतकं साधं होतं.

ती बंद केली. बेकायदा आहे म्हणे!

९ फेब्रुवारी

आज दोनदा.

या वेळी मी फळीजवळच होते. शेपटीच्या आधी एक पोकळी ऐकू येते. कुणीतरी बटण दाबून गप्प बसलंय तशी. श्वास म्हणावा तर श्वास. मग टूं-टी.

मी भुताखेतांना हसणारी बाई. शेजारणीने उतारा काढ म्हणून सुचवलं तेव्हा तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. पण आज उभी राहिले ती राहिलेच. भीती वाटली नाही. बरं वाटलं, खूप दिवसांनी. त्याचीच आता भीती वाटते.

१० फेब्रुवारी

जेवताना भावोजींनी पुन्हा तेच. "वहिनी, विचारलंत का ऑफिसात?"

नाही विचारलं. रेडिओचे परवाने देणारं ऑफिस बसने जायचं तर तासाभरावर आहे. शेपटी कायदेशीर की बेकायदा, एवढंच विचारायचं आहे. पण पाय निघत नाही. भावोजी स्वतः का जात नाहीत? पोलीस दिसला की ज्याचा चालतानाही वेग कमी होतो, रिकाम्या चौकातही जो लाल दिव्याला उभा राहतो, त्याला सरकारी ऑफिसची पायरी चढायची भीती वाटत असणार. म्हणून मला ढकलायचं! ताट उचललं आणि नळ मोठा सोडला.

बंद करायचं मूळ लहरीकाकांकडे. कोपऱ्यावरच्या घरात राहतात, छपरावर ही उंच काठी आणि तारा, दिवसभर रेडिओच्या लहरी पकडत बसतात. स्वभावही तसाच, म्हणून दोन्ही अर्थांनी लहरीकाका. ते एक दिवस फाटकात येऊन उभे राहिले. "तुमची ती टूंटूं मला ऐकू येते. खासगी वॉकीवर असले सूर पाठवणं बेकायदा आहे. कुणी तक्रार केली तर सेट जप्त होतील."

हे खो खो हसले. "काका, तुम्ही कान बंद करा, मी शेपटी बंद करतो."

पण भावोजींची झोप उडाली. दादा, उगाच कशाला, दादा, बघ हां. शेवटी हे कंटाळून म्हणाले, "कर बाबा बंद. तुझा जीव तरी थंड होऊ दे." तेव्हा भावोजींनी टेबलावर तिन्ही वॉक्या ओळीने मांडल्या आणि बंद केल्या. ठरलं असं की आता प्रत्येकाने बोलणं संपलं की "झालं" म्हणायचं. ह्यांना ती सवय लागलीच नाही. शेपटी आपोआप लागायची, "झालं" आठवून म्हणावं लागायचं. दहात एकदा म्हणाले तर म्हणाले.

११ फेब्रुवारी

वाजली. मी "ऐकतेय" म्हणाले. एवढंच.

१५ फेब्रुवारी

लिहायचं ठरवलंय तर तेही लिहिते, नाहीतर या वहीला अर्थ नाही.

दवाखान्याच्या आवारातलं जुनं झाड. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला खिडक्या. हे वर. जाड फांदी दोराला बांधलेली, अर्धी कापलेली. खाली मशीन चालू. मी घरी, वॉकी फळीवर, पण इतक्या लांबून मला काही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे जे माहीत आहे ते भावोजींनी सांगितलेलं.

भावोजींच्या कानात आलं: "आता ओढायचं."

पुढे काही नाही. "झालं" नाही. पण "झालं" तसंही कुठे असायचं! भावोजींनी ओढलं. फांदी आली ती ह्यांच्या अंगावरून, कारण ह्यांचा पट्टा त्याच दोरात अडकला होता आणि हे तो सोडवत होते.

माझ्या डोक्यात मशीनसारखं एकच फिरतं. ओढायचं असलं की हे नुसतं "ओढ" म्हणायचे. सगळी वर्षं तेच. "ओढायचं" म्हणाले की पुढे "नाही" असायचंच. "आता ओढायचं नाही." आपल्या भाषेत नाही शेवटी येतं. माणूस सगळं बोलून घेतो आणि मग नाही म्हणतो. तेवढ्यात रस्त्यावरून मोठी गाडी गेली असेल. नाही तिथेच कुठेतरी राहिलं.

शेपटी चालू असती तर शेपटी आली नसती. शेपटी आली नाही म्हटल्यावर भावोजींनी दोराला हात लावला नसता. जन्मात लावला नसता, तेवढा नियम त्यांच्या रक्तात होता.

आता मला एवढंच हवंय. बेकायदा होती की नाही? बेकायदा असेल तर भावोजींनी शहाण्यासारखं केलं आणि माझं नशीब फुटकं. नसेल तर माझा माणूस उगाच गेला. कुणाच्या तरी भित्रेपणापायी गेला. मग मला कुणावर तरी ओरडता येईल. घरात एक माणूस असा आहे की ज्याच्याकडे मी धड बघूही शकत नाही आणि ज्याला जेवायलाही वाढते.

१६ फेब्रुवारी

काल लिहून डोकं हलकं वगैरे काही झालं नाही. लेकीला सांगायला हवं.

१९ फेब्रुवारी

भावोजींचं बोलणं बदललंय. आधी वाटलं, उर्मट झालेत. "भाजी वाढू?" तर "नाही, नको, पुरे." "पाऊस येईलसं वाटतं?" "नाही, वाटत नाही." सासूबाईंनी विचारलं, झोप लागली का? "नाही, लागली नाही." प्रत्येक नाही आधी. मग उरलेलं. शेजारणही म्हणाली, तुमचे दीर हल्ली काही विचारलं की आधी नकारच देतात.

आज लक्षात आलं, ते काय करतायत ते. आमटीचं भांडं हातात तसंच राहिलं.

२२ फेब्रुवारी

आज शेपटी वाजली आणि मी वॉकीकडे न धावता खिडकीकडे धावले. का, ते सांगता येत नाही. आमच्या आवारात कामाचा ट्रक उभा होता, ताडपत्रीखाली, त्या दिवसापासून जागचा हललेला नाही. पुढच्या केबिनचं दार किंचित उघडं.

भावोजी आत बसले होते. ह्यांच्या जागेवर नाही, शेजारी. दोन्ही हातांत ह्यांची वॉकी. दवाखान्यातून पिशवीत घालून दिलेली, जी मी कधी उघडून पाहिली नव्हती. अंगठ्याने बटण दाबलेलं. सोडलं. माझ्या मागे घरात टूं-टी.

मला पाहिल्यावर उठलेही नाहीत. "शेपटी परत चालू केली मी दादाच्या सेटची. बोलत काही नाही, वहिनी. नुसतं दाबतो आणि सोडतो. शेवट नीट पोचतो का बघतो."

खूप बोलणार होते. म्हणजे तुम्ही मला इतके दिवस – आणि मी वेड्यासारखी "ऐकतेय" म्हणत होते! ते माझं "ऐकतेय" भावोजींनी इथे बसून ऐकलं असणार. राग कमी आणि लाज जास्त.

मी दुसऱ्या दाराने आत चढले. ह्यांच्या जागेवर बसले. समोरच्या काचेवर वाळलेल्या पानांचा चुरा होता.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," भावोजी म्हणाले. "दादा ओढायचं म्हणाला. नाही, नुसतं 'ओढ' म्हणाला नाही. कळलं, वहिनी. पण हात आधी गेला."

"परत वाजवू नका," एवढंच म्हटलं आणि उतरले.

२५ फेब्रुवारी

वाजत नाही. मीच सांगितलंय, वाजणार कशी.

दुपार संपता संपत नाही. फळीकडे पाठ करून बसले तरी कान तिकडेच.

२६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. सगळं बोलून झालं तरी फोन कुणीच ठेवत नाही. शेवटी तीच म्हणाली, "आई, तू आधी ठेव." मी म्हटलं, तू ठेव. पूर्वी तिच्या बाबांना फोन केला की ती टूं-टी म्हणून खटकन ठेवायची. आता आम्हा दोघींना शेवट करता येत नाही.

१ मार्च

मीच ट्रकपाशी गेले. म्हटलं, "दुपारी एकदा वाजवत जा. एकदाच."

भावोजींनी मान हलवली. कारण विचारलं नाही.

३ मार्च

लहरीकाकांकडे गेले. जिना चढताना ठरवून गेले होते की चप्पल फेकून मारायची. वर गेले तर खोलीत शुकशुकाट. सगळी यंत्रं बंद, वर टॉवेल पांघरलेले. काका खाटेवर पेपर वाचत होते, उलटा नव्हता एवढंच.

"कुठे लिहिलंय ते दाखवा," म्हटलं. "टूं-टी बेकायदा आहे असं."

त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा शोधला, पानं उलटली. करमणुकीचे आवाज, गाणी, निष्कारण सूर पाठवू नयेत, हे सापडलं. दुसऱ्याला हाक मारायला सूर चालेल, तेही सापडलं. शेवटाच्या सुराबद्दल एक अक्षर नाही. चालतो असं नाही, चालत नाही असंही नाही.

"जे चालेल म्हणून लिहिलेलं नाही ते चालत नाही, असा माझा अर्थ," काका म्हणाले.

"तुमचा अर्थ?"

"मी फक्त म्हणालो होतो, जरा बघा म्हणून."

"बघा नाही म्हणालात. जप्त होतील म्हणालात."

ते पुस्तकाकडे बघत बसले. मग म्हणाले, "तेव्हापासून मी एकदाही सेट लावला नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. पण चप्पलही पायातच राहिली.

५ मार्च

ऑफिसात गेले एकदाची. गेले आणि हात हलवत आले.

काउंटरवर एक पोक्त बाई. मी प्रश्न सांगितला तर माझ्याकडे जरा पाहत राहिल्या, मग आधी पाणी दिलं. म्हणाल्या, हे साहेबच सांगतील, साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या. "मला माहीत असलं तरी मी सांगणं बरोबर नाही," असंही म्हणाल्या. सरकारी माणसं! हो-नाहीच्या प्रश्नाला साहेब लागतो.

घरी आले तर भावोजी फाटकात. "काय म्हणाले?"

"साहेब नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. इतका पडला की मला वाटलं, ह्या माणसाचा जीव त्या साहेबाच्या ओठांवर टांगलेला आहे.

८ मार्च

कामाचे फोन येत आहेत. शाळेच्या भिंतीवर एक झाड कललंय, मुख्याध्यापक स्वतः दोनदा बोलले. भावोजींना विचारलं. "नाही, जमणार नाही, वहिनी." दोर खोलीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलाय, तिथून ते जाताना वळसा घालून जातात. सासूबाई आज ओरडल्या. "एक गेला, दुसरा जिवंतपणी बसून राहिलाय. मी बघायचं कुणाकडे?" मोठ्याने बोलतात, कारण स्वतःचंही त्यांना ऐकू येत नाही. भावोजींना सगळं ऐकू गेलं. त्यांच्या खोलीचं दार हळूच लागलं.

१३ मार्च

दुपारची शेपटी आली. एकदा, ठरल्याप्रमाणे. तिच्यावर घड्याळ लावावं.

आज मनात आलं, उत्तर मिळाल्यावर ही वाजेल का? बेकायदा ठरली तर बंद करावी लागेल, आणि कायदेशीर ठरली तर ती ऐकवणारा माणूस मला समोर नको असेल. दोन्हीकडून माझंच जाणार. तरी उद्या-परवा जाणारच आहे.

१८ मार्च

साहेब भेटले. वयाने माझ्याहून लहान, सर्दीने नाक लाल, टेबलावर औषधाची बाटली. मी जे घडलं ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, खासगी वॉकीवर बोलणं संपल्याचा सूर कायद्याने चालतो का?

"चालतो," ते म्हणाले. "सेट मंजूर करतानाच तो तपासलेला असतो. गाणं नाही, करमणूक नाही. बोलणं संपल्याची खूण आम्ही बोलण्याचाच भाग धरतो."

"म्हणजे कधीच बेकायदा नव्हता?"

"आमच्याकडे तरी नाही. उलट कामाच्या ठिकाणी असला तर चांगलंच."

चांगलंच. मी आभार मानले. काउंटरवरच्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे न बघता बाहेर पडले.

बसमध्ये सगळं तयार केलं. कुठला शब्द आधी, कुठला नंतर. तुमच्या भित्रेपणाने माझा नवरा मारला. हे वाक्य मी तोंडातल्या तोंडात इतक्या वेळा म्हटलं की शेजारची बाई सरकून बसली. उतरून चालत आले ती जवळजवळ पळतच. फाटक उघडलं, दार उघडंच होतं.

आत भावोजी सासूबाईंपुढे जमिनीवर बसले होते. सासूबाई विचारत होत्या, आज डॉक्टरकडे जायचंय ना? भावोजी मोठ्याने म्हणत होते, "नाही! नाही, आई, आज जायचं नाही!" त्यांना ऐकू जाईना. "जायचंय ना?" "नाही! नाही जायचं! नाही!" सासूबाईंचे दोन्ही हात धरले होते, चेहरा त्यांच्या तोंडापाशी नेलेला, घसा फुटलेला. नाही पोचेपर्यंत सोडायचं नाही असं ठरवल्यासारखे. सासूबाईंना समजलं, त्यांनी मान डोलावली, तरी ते म्हणतच होते.

मी चपला काढत उभी राहिले. तयार केलेलं सगळं कुठे गेलं, कळलं नाही.

त्यांनी मला पाहिलं. उठले. "भेटले साहेब?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

मी म्हटलं, "बेकायदाच होती. चालतच नाही म्हणाले. तुम्ही बंद केलीत ते बरोबरच केलंत."

माझ्या तोंडून असं काही निघेल, हे मला एक क्षण आधीही माहीत नव्हतं. भावोजी माझ्याकडे पाहतच राहिले. मला वाटलं, आता कोसळणार.

"साहेब स्वतः म्हणाले?"

"स्वतः."

"बरं, वहिनी," ते म्हणाले. मग मोरीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

ह्यांना काय सांगू? तुमच्यासाठी खरं शोधून आणलं आणि उंबऱ्यातच टाकून दिलं. मला रडू येतंय आणि त्याच वेळी किती हलकं वाटतंय, हे लिहायची लाज वाटते. हा खोटेपणा आता जन्मभर एकटीने सांभाळायचा. सांभाळीन. ज्याला भिऊन घर पोखरलं ते उत्तर निदान एकाच माणसाच्या पोटात राहील.

१९ मार्च

सकाळी भावोजींनी ट्रकवरची ताडपत्री काढली. काच धुतली. दोर उलगडून अंगणात उन्हात पसरला, हाताने चाचपत चाचपत, कुठे विरलाय का बघत. मुख्याध्यापकांना फोन लावायला सांगितला. वॉक्या टेबलावर मांडल्या तेव्हा मी म्हटलं, शेपटीचं काय? "झालं म्हणत जाऊ," म्हणाले. "मी म्हणायला लावीन."

खोटं बोलून कुणाचं भलं होतं यावर माझा कधी विश्वास नव्हता. आज सासूबाई दोनदा हसल्या.

२० मार्च

बसथांब्यावर त्या काउंटरवरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचे दीर कसे आहेत आता?"

मी म्हटलं, तुम्हाला माझे दीर कसे माहीत?

"ते येऊन गेले होते की. आता सांगायला हरकत नाही. अपघात झाला त्याच आठवड्यात. साहेबांनी त्यांनाही हेच सांगितलं, चालतो म्हणून. ऑफिस बंद होईपर्यंत बाकावर बसून होते हो. जाताना मला म्हणाले, माझी वहिनी येईल विचारायला. मी येऊन गेलो ते सांगू नका, पण तिला खरं तेच सांगा. मला वाचवायला जाऊ नका."

माझी बस आली आणि गेली.

म्हणजे परवा मी दारात उभी राहून जे बोलले, ते खोटं आहे हे भावोजींना माहीत होतं. माहीत असूनच ते "बरं, वहिनी" म्हणाले.